तारखेवर बोट

सातपूरला, अशोकनगरच्या थांब्यामागे
पिठाच्या गिरणीवर माझा क्लास.
खाली बाजरी पडली की वर फळा थरथरतो
आणि खडू कोणता, पीठ कोणतं
हे रात्री साडी झटकतानाही कळत नाही.

नऊ जण येतात, शिफ्ट सुटल्यावर.
त्या मंगळवारी मी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली,
अलीकडे डिड, पलीकडे हॅव डन,
आणि दर बॅचला सांगते तेच सांगितलं :
तारखेवर बोट ठेवता आलं तर साधा भूतकाळ.
काल म्हणा, सोमवारी म्हणा,
वेळ सांगितली की हॅव गळून पडतं.
बोट ठेवायचं नसेल,
झालेलं अजून आत्ताच्या अंगाला चिकटून असेल,
तर हॅव.

सुगंधा भोये, सिव्हिलमधली नर्स, लगेच म्हणाली,
पेशंट हॅज कम, म्हणजे कॉटवर आहे अजून.
पेशंट केम, आता कुठे आहे कुणास ठाऊक.
मोईन तांबोळीने विचारलं, मग मॅडम,
आय हॅव हॅड टी म्हणजे आता नको,
आणि आय हॅड टी म्हणजे अजून अर्धा चालेल?
सगळे हसले. मीही.
हे कुठल्या पुस्तकात नाही,
पण चूक म्हणायला मला जागा सापडली नाही.

मग मागच्या बाकावरून उत्तम खैरनार उठले.
गोंदे फाट्याच्या नव्या कंपनीत इंटरव्ह्यू होता त्यांचा,
स्टोअरकीपरच्या जागेसाठी.
एरवी उजवा हात खिशात.
आज तो बाहेर काढून
त्यांनी खडू धरला, अंगठा आणि मधल्या बोटात,
आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना लिहिलं :
आय लॉस्ट माय फिंगर.
आय हॅव लॉस्ट माय फिंगर.

"ते विचारणारच. कुठलं म्हणू?
तारीख तोंडपाठ आहे. नऊ जून, मंगळवार,
सिंहस्थाचं वर्ष, सेकंड शिफ्ट, पावणेदहा.
पॉवर प्रेसचा सेन्सर पंधरा दिवस बंद होता,
जबाबात तेही आहे.
पण तुम्ही म्हणता, तारखेवर बोट ठेवा.
नेमकं तेच नाही."

खालची गिरणी कधी थांबली होती, लक्षात आलं नाही.

मी बरोबर तेच उत्तर दिलं. दुसरं काय देणार.
तारीख सांगणार असाल तर लॉस्ट.
नुसतं बोट दाखव… म्हणता म्हणता जीभ अडली,
नुसता हात दाखवणार असाल तर हॅव लॉस्ट.

"मराठीत बरंय," ते म्हणाले.
"वकिलापुढे, बोट गेलं.
सकाळी शर्टाची बटणं लावताना, बोट गेलंय.
एवढासा य.
पण मंडळी हातातलं काम टाकून येतात त्याला."

मोईन म्हणाला, बोटाचं सोडा ना काका,
नऊ बोटांनी किती वर्षं काम केलंत ते सांगा.
मग मला सिन्स आठवलं.
सिन्स लावलं की तारीखही राहते
आणि हॅवही गळत नाही.
त्यांनी फळ्यावर सावकाश लिहिलं,
आय हॅव वर्क्ड विथ नाईन फिंगर्स सिन्स,
आणि पुढे तारीख, वारासकट.
वार लागत नाही, मी म्हटलं.
असू दे, म्हणाले.

सोमवारी इंटरव्ह्यू झाला. कळवतो म्हणाले.
आज गुरुवार.
खैरनार वेळेवर आले, हात बाकावर ठेवून बसले.
दे डिड नॉट कॉल, असं लिहिलं तर विषय संपतो.
यट हा शब्द पाच धडे पुढे आहे.
मी आजच घेतला.